शेजारच्या टेबलावर क्रिकेटपटू जेवत असेल तर सेल्फी मागावी का?

तुमचा मुलगा हट्टाला पेटला होता, तो खेळाडू बायको-मुलांसोबत बसला होता आणि तुम्ही शेवटी मागितली नाहीत. चुकलं का, असं विचारताय. अजिबात नाही. जेवून उठल्यावर मुलाला पाठवून विचारायला हरकत नव्हती. तो 'नको' म्हणाला असता तर 'बरं' म्हणून परत यायचं, एवढंच.

मी बरीच वर्षं हॉटेलात रेस्टॉरंट सांभाळलं. पहिला माणूस येतो, 'सर, फक्त एक'. खेळाडू घास खाली ठेवतो, हात पुसतो, उभा राहतो. ते बघून बाकीची टेबलं उठतात. एकाचा फोटो हलतो, दुसरा सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावतो. ताटातली डाळ तोवर गार. आणि सातव्याला नाही म्हटलं की लगेच, 'माज बघा, आमच्यामुळे मोठा झाला आणि...'

हे 'आमच्यामुळे' मला खटकतं. तिकिटाचे पैसे मैदानात वसूल झालेले असतात. त्यात त्याचं जेवण येत नाही, बायको-पोरं तर नाहीच नाही. हाच हक्क पुढे दगड उचलतो. १९७१ मध्ये इंग्लंडला हरवून आलेल्या भारताच्या कर्णधाराची, अजित वाडेकरांची, आपल्याच मुंबईने मिरवणूक काढली. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये लॉर्ड्सवर भारताचे ४२ धावांत सगळे बाद, मालिका ३-० ने गेली, आणि त्याच वाडेकरांच्या घरावर दगड पडले. २००७ च्या विश्वचषकात बांगलादेशकडून हरल्यावर रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घराची मोडतोड झाली. घराने कुठला झेल सोडला होता?

ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्थला कोहली खोलीत नसताना कोणीतरी आत शिरून त्याच्या सामानाचा व्हिडिओ काढला. हॉटेलने माफी मागितली, पण आमच्या धंद्यात याहून लाजिरवाणी गोष्ट नाही. पाहुण्याची खोली म्हणजे त्याचं घर, हे पहिल्या दिवशी शिकवतात.

म्हणून खेळाडूंना काही बोलूच नये असं नाही. आळशी फटका मारून बाद झाला तर मीही टीव्हीसमोर शिव्या घालतो. वेलचीच्या नावाखाली गुटख्याच्या ब्रँडची जाहिरात कोणी केली तर जाब जरूर विचारावा. ते काम त्याने सगळ्यांसमोर, पैसे घेऊन केलेलं असतं. फक्त तो जाब त्याच्या मुलीच्या फोटोखाली जाऊन विचारू नये.

बाकी, मुलाला खेळाडू जवळून बघायचेच असतील तर रणजी सामन्याला न्या. बहुतेक सामन्यांना गर्दी नसते, आणि दिवसाचा खेळ संपल्यावर पॅव्हेलियनकडे निघालेला खेळाडू सही मागितली तर बऱ्याचदा थांबतो. वही आणि चालणारं पेन तेवढं बरोबर ठेवा.