आजोबांच्या तेराव्याला चार शब्द बोलायचे आहेत. नोकरी, देवधर्म आणि गोल्फ, हे सगळं एका माणसाबद्दल कसं सांगू?

तुम्ही लिहिलंय की आजोबांनी नोकरी इमानेइतबारे केली, देवाचं सगळं पाळलं आणि म्हातारपणापर्यंत गोल्फ खेळले. आणि गोल्फचं नाव काढलं की गावाकडची मंडळी हसतील अशी धास्ती वाटते. हसू देत. आमच्याकडेही हसली होती, आणि हसली म्हणूनच पुढचं ऐकत बसली.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, माळकरी होते आणि गोल्फ खेळायचे. क्लबचे मेंबर वगैरे नव्हते. जन्म 1944 चा, फलटणकडचे. बारा-तेरा वर्षांचे असताना मामाकडे चेंबूरला आले आणि तिथल्या गोल्फच्या मैदानावर साहेबलोकांच्या काठ्यांच्या पिशव्या उचलायला लागले, म्हणजे कॅडी झाले. चेंबूरचं ते मैदान 1927 सालच्या क्लबचं. आसपासच्या वस्त्यांमधल्या कितीतरी घरांची चूल त्या कॅडीगिरीवर पेटायची. आजही तिथल्या गल्ल्यांत पोरं लोखंडी सळई वाकवून काठी करतात आणि प्लास्टिकच्या चेंडूने गोल्फ खेळतात. परदेशी वाहिन्यांनी त्यावर बातम्या केल्या आहेत. आण्णांना त्या बातमीचं फार कौतुक नव्हतं. "सळई आम्हीपण वाकवली, आमचा कुणी फोटो नाही काढला," एवढंच म्हणाले.

ट्रॉम्बेचा खत कारखाना 1965 ला सुरू झाला. पुढच्या वर्षी एका मेंबरसाहेबाने शब्द टाकला आणि आण्णा तिथे हेल्पर म्हणून लागले. ऑपरेटर होऊन निवृत्त झाले. मधल्या काळात, 1978 ला, त्याच कारखान्याची राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स झाली. आमच्या गावच्या शेतात 'सुफला'ची गोणी दिसली की ते तिच्यावर थाप मारायचे, घरचं जनावर असावं तशी. त्यांच्या कामाबद्दल घरात कुणाला धड काही माहीत नव्हतं. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, आणि रात्रपाळीनंतर घरात आवाज करायचा नाही, एवढाच आमचा संबंध. काम म्हणजे दर तासाला मीटरपाशी जाऊन दाब आणि तापमान बघायचं आणि लॉगशीटवर लिहायचं. रात्री तीन वाजता खुर्चीत बसूनही आकडा भरता येतो, कारण मागच्या तासाचा समोरच असतो. आण्णा उठून जायचे. हे मला त्यांनी नाही सांगितलं, तेराव्याला आलेल्या त्यांच्या कारखान्यातल्या सोबत्याने सांगितलं.

तुम्हीही हेच करा. बोलायला उभं राहण्याआधी आजोबांच्या खेळातल्या आणि नोकरीतल्या जोडीदारांना गाठा. घरच्यांना माणूस जेवताना आणि चिडताना दिसतो, बाकीचा त्यांच्याकडे असतो.

त्याच दिवशी दुसरे एक काका भेटले, आण्णांच्या बरोबरीने पिशव्या उचललेले. तेव्हा सोमवारी मैदान मेंबरांना बंद असायचं, गवताची कामं चालायची आणि कॅडींना खेळायला मिळायचं. आण्णा नोकरीला लागल्यावरही साप्ताहिक सुट्टी सोमवारी पडेल अशी अदलाबदल करून जायचे. कुणीतरी दिलेला अर्धा सेट होता, सात काठ्यांचा. नियमाने चौदापर्यंत नेता येतात, पण आण्णांच्या मते सातच्या पुढे सगळा तमाशा. तर काकांनी सांगितलं ते असं. आण्णांचा चेंडू झाडाखाली सुक्या पाल्यात गेलेला. बाकीचे तिघे पलीकडे, आपापल्या चेंडूपाशी. आण्णांनी काठी चेंडूमागे टेकवली, पाला दबला आणि चेंडू जरासा फिरला. दोन बोटंही सरकला नसेल. आण्णा सरळ उभे राहिले आणि ओरडले, "हलला रे, एक लाव!" म्हणजे माझ्या नावावर एक फटका जास्तीचा. त्या एकाने ते हरले आणि सगळ्यांना चहा पाजायची पाळी त्यांच्यावर आली. आता इथे कुणीही 'किती मोठं मन' म्हणून टाळ्या वाजवेल. पण काका पुढे म्हणाले, "चहा पाजला, पण तोंड असं केलं होतं की कुणाच्या घशाखाली उतरेना." मंडपात हशा पिकला आणि आजीही हसली. मला विचाराल तर भाषणाचा जीव असल्या वाक्यात असतो. नुसता फटका सांगाल तर संत उभा राहील, आणि तो तुमचा आजोबा नसेल.

गोल्फ माहीत नसलेल्यांना एकच गोष्ट समजावून सांगा: रोजच्या खेळात पंच नसतो. आपले फटके आपणच मोजायचे आणि कार्डावर खरे लिहायचे. बर्डी, बोगी, पार यातलं काही सांगत बसू नका, लोकांचं लक्ष स्वयंपाकघराकडे जाईल.

देवधर्माचं काय सांगावं, हा माझ्याही पुढचा प्रश्न होता. आण्णांची तुळशीची माळ, एकादशी, संध्याकाळचा हरिपाठ हे सगळ्यांनी पाहिलेलंच होतं. मी फक्त रजेचं सांगितलं. ते वर्षभर एकही हक्काची रजा घ्यायचे नाहीत. ताप आला तरी ड्यूटी, बाबांच्या बारावीच्या निकालाला ड्यूटी. सगळी साठवून आषाढात काढायची आणि आळंदीहून माउलींबरोबर निघायचं. दिवे घाट चढून सासवड, पुढे जेजुरी, लोणंद, मग त्यांचं फलटण, असं करत पंढरपूर. या वाटेवर घरची माणसं भेटायची ती फलटणच्या मुक्कामातच. बाबांनी ही गोष्ट आण्णांना कधी माफ केली नाही, आणि तेही मी तेराव्याला बोलले. आधी बाबांना विचारून. ते म्हणाले, बोल. आजीचं म्हणणं वेगळंच होतं: "विठोबा सवत म्हणून मी चालवून घेतला, पण ही काठ्यांची पिशवी कुठल्या नात्यात बसवू?"

माळ आणि गोल्फ हे काही न जुळणारं जोडपंही नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचं सगळ्यात जुनं, नावाजलेलं मैदान आजही एरवी रविवारी खेळाला बंद असतं. तिथला टॉम मॉरिस (1821–1908) खेळाडू म्हणून थोर, मैदान राखणारा म्हणून त्याहून थोर, आणि चर्चचा मानकरीही. आण्णांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग रविवारी तिथले कॅडी खातात काय?"

हा त्यांचा स्वभाव. 2019 ला नियम बदलला आणि ग्रीनवरून, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावरून, चेंडू ढकलताना भोकातला झेंडा तसाच ठेवायची मुभा मिळाली. सगळ्यांना सोयीचं वाटलं, आण्णांना नाही. झेंडा धरून उभं राहणं हे कॅडी पोराचं काम. आपली सावली साहेबाच्या रेषेवर, म्हणजे चेंडूच्या वाटेवर, पडू न देता कसं उभं राहायचं, हे त्यांनी मला हॉलमध्ये झाडू हातात धरून करून दाखवलं होतं.

2020 आणि 2021 ला पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. पायी वारी नाही, मैदान नाही, आण्णा घरात कोंडलेले. त्यात 2021 च्या ऑगस्टमध्ये अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फच्या पदकाच्या शर्यतीत आली. जगात 200 वी असलेली मुलगी, आणि शनिवारी सकाळी अख्खा देश गोल्फ बघायला बसला. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरात सगळे आण्णांना विचारत होते, आता काय होणार. मध्येच वादळी पावसाने खेळ थांबला, तर ते आंघोळ, पूजा उरकून परत येऊन बसले. शेवटच्या होलवरचा तिचा लांबचा पट, म्हणजे भोकाकडे ढकललेला चेंडू, आत गेला नाही आणि एका फटक्याने कांस्य हुकलं. माझे काका टीव्हीवर चिडले. आण्णा म्हणाले, "रेषा बरोबर वाचली होती पोरीने." संध्याकाळी नीरज चोप्राने भाला फेकून सुवर्ण आणलं, सगळी चाळ ओरडत होती, आणि हे तोवर सकाळच्याच पटाबद्दल बोलत होते.

पुढच्या वर्षी वारी पुन्हा पायी निघाली. त्यांना चालवत नव्हतं, दिवे घाटाच्या पायथ्याशी गाडीतून नेलं. त्याच कार्तिकात गेले.

तुमच्यासाठी अजून एक-दोन गोष्टी. 'मनमिळाऊ, हसतमुख, परोपकारी' हे शब्द चौकातल्या प्रत्येक श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर असतात, ते टाळा. त्याऐवजी आजोबांचे हात आठवा. आण्णांच्या डाव्या हाताला ग्लोव्ह असायचा म्हणून तो हात मनगटापासून पुढे उजव्यापेक्षा उजळ होता. हे मी बोलले तेव्हा समोरच्या रांगेतल्या दोन-तीन जुन्या माणसांनी आपापले हात पालथे करून पाहिले. आजोबांची जुनी स्कोअरकार्डं कुठे असतील तर शोधा, एखादं वाचून दाखवा, वाईट दिवसाचं असेल तर जास्त चांगलं. आणि पाच मिनिटांच्या आत आटपा. पानं वाढायला घेतलेली असतात, आणि आचारी कुणासाठी थांबत नाही.