दम आधी येतो, गुडघा मागून
सायकलस्वारांचे प्रश्न

प्रश्न: राष्ट्रीय स्पर्धेत रोड रेसचं पदक मिळवून ३४व्या वर्षी सायकल खुंटीला टांगली. आता ३८ पूर्ण. दोन महिन्यांपासून होटगी रोडला रोज पहाटे चालवतोय. दम अगदी जुन्यासारखा आलाय, पण गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं. अमेरिकेचा सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग ३७व्या वर्षी परतला होता, मग मला का जमू नये?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर: जमेल. पण दम आला म्हणजे शरीर आलं, असं धरून चालू नका. सराव सुटला की पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला प्लाझ्मा कमी होतो आणि हृदय एका ठोक्यात कमी रक्त फेकतं. पुन्हा सुरुवात केली की हेच सगळ्यात आधी भरून निघतं. मागोमाग स्नायू येतात, जुन्या खेळाडूचे तर नवख्यापेक्षा लवकर. कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना, रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्यांना महिने लागतात. तुमची मांडी आज ५३ दात्यांची चेनरिंग (पायडलजवळची मोठी चकती) ओढतेय आणि वाटीखालची कंडरा अजून तेवढा भार घ्यायला तयार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच ही दुखणी निघतात, ती यामुळेच.

तीन आठवडे मोठी चेनरिंग बंद ठेवा. पुढे ३९ दाते आणि मागे १७ ते १९, पायडलचे फेरे मिनिटाला ९०च्या आसपास. आठवड्याचे तास निम्म्यावर आणा. रोज भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून, खुर्चीत बसल्यासारखं ४५ सेकंद थांबा. असं पाच वेळा, मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती. चालवताना थोडं दुखून दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं तर ठीक, राहिलं तर तो दिवस सायकल नाही.

सीटची उंचीही आजच मोजा. पाठ आखडलेली असते म्हणून परतणारे बरेच जण सीट खाली घेतात आणि वाटीवरचा ताण नेमका तिथे वाढतो. अनवाणी, भिंतीला टेकून, मांड्यांमध्ये जाड पुस्तक वर घट्ट धरून जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्या आणि ०.८८३ने गुणा. ८२ सेंटिमीटर आलं तर क्रँकच्या (पायडलच्या दांड्याच्या) फिरण्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७२.४. हा आकडा सुरुवातीपुरता धरा. एका वेळी ३ मिलिमीटरच बदला आणि आठवडाभर चालवून बघा. दुखणं गुडघ्याच्या मागच्या बाजूला सरकलं तर सीट जास्त वर गेली.

गुडघा शांत झाल्यावर आठवड्याला सहा तासांपासून सुरुवात, दर आठवड्याला अर्धा ते पाऊण तास वाढ, चौथ्या आठवड्यात एक तृतीयांश कपात. जुन्या डायरीतले वॅट (पायडलवरच्या ताकदीचं माप) आणि हृदयाचे ठोके वापरू नका. वयाबरोबर कमाल ठोके उतरतात, त्यामुळे जुने झोन, म्हणजे सरावाच्या जोराचे टप्पे, आज चुकीचे आहेत. वीस मिनिटांची नवी चाचणी घ्या, सरासरी वॅटला ०.९५ने गुणा आणि तिथून पुढचं सगळं ठरवा. आणि त्याआधी स्ट्रेस टेस्ट, म्हणजे व्यायाम करताना हृदयाची तपासणी. पस्तिशीनंतर परतणाऱ्याने ती टाळू नये, असं आमचं ठाम मत आहे.

आता आर्मस्ट्राँगबद्दल. २००५ची टूर द फ्रान्स झाल्यावर तो निवृत्त झाला, सप्टेंबर २००८मध्ये परतीची घोषणा केली आणि जानेवारी २००९मध्ये ऑस्ट्रेलियात टूर डाउन अंडर या शर्यतीत उतरला. मार्चमध्ये स्पेनमधल्या शर्यतीत घोळक्यात पडून कॉलरबोन मोडलं. तरी मे महिन्यात इटलीच्या जिरो शर्यतीत बारावा आणि जुलैत टूरमध्ये तिसरा आला. पण २०१२मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात १ ऑगस्ट १९९८पासूनचे त्याचे सगळे निकाल रद्द झाले, परतल्यावरचेही. त्यामुळे ते आकडे कुणीही स्वतःच्या सरावाला माप म्हणून लावू नयेत.

त्यापेक्षा नेदरलँड्सच्या ॲना व्हॅन डर ब्रेगेनकडे बघा. २०१६ची ऑलिंपिक विजेती, दोनदा रोड रेसची जगज्जेती. २०२१च्या अखेरीस थांबली आणि तीन वर्षं आपल्याच संघाच्या गाडीत मार्गदर्शक म्हणून बसली. २०२५मध्ये पुन्हा उतरली आणि मार्चमध्ये इटलीतल्या स्त्रादे ब्यांके शर्यतीत दुसरी आली. शर्यतीचा वेग, डावपेच, खाणं कसं बदलतंय हे ती रोज बघत होती. तुमची चार वर्षं त्यापासून लांब गेली आहेत, तेव्हा पहिल्या मोठ्या शर्यतीआधी दोन-तीन छोट्या शर्यती निकालाची अपेक्षा न ठेवता करा.

प्रश्न: २०१२ची कार्बन सायकल आहे, रिम ब्रेकची. तिच्यावरच परतता येईल का?
– वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: सरावाला नक्की. आधी हँडलची टेप पूर्ण उलगडा. आपल्या उन्हात वर्षानुवर्षं घाम टेपखाली मुरतो आणि अॅल्युमिनियमला खातो. पांढरी भुकटी दिसली, बोटाला खड्डे लागले तर हँडल बदला, घासून पुन्हा बसवू नका. ते स्प्रिंटमध्ये हातात तुटतं. फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) काढून त्याच्या नळीवर, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) आवळतो तिथे, चीर आहे का बघा. चेन ०.५ टक्का ताणली असेल तर बदला, नाहीतर कॅसेटही (मागच्या चकत्यांचा संच) जाईल.

२३ मिलिमीटरचे टायर बरेच लोक आजही १२० पीएसआयला (हवेच्या दाबाचं माप) ठोकून फुगवतात. आता मोठ्या शर्यतींच्या घोळक्यात बहुतेकांकडे २८ किंवा त्याहून रुंद टायर असतात, कारण खडबडीत रस्त्यावर कडक टायर उसळतो आणि वेग खातो. तुमच्या ब्रेकमध्ये बहुधा २५च बसेल. दोन्ही बाजूंना ३-४ मिलिमीटर मोकळे हवेत. ७० किलोच्या माणसाला ट्यूबसह साधारण ८५ पीएसआय पुरे.

बाभळीचा काटा हा इथला खरा शत्रू. ट्यूब बदलली आणि दहा मिनिटांत पुन्हा बसली, याचं कारण टायरमध्ये राहिलेलं टोक. बोटाने शोधू नका, सापडत नाही आणि बोट फाटतं. सोलापुरी टॉवेलचा तुकडा टायरच्या आतून गोल फिरवा. टॉवेलचे फासे काट्याला अडकतात, टोक जिथे आहे तिथेच कापड ओढलं जातं. पुढे ट्यूबलेसवर गेलात तर २८च्या टायरला ३० ते ४० मिलिलिटर सीलंट (भोक बुजवणारं द्रव) घाला. आपल्या उन्हाळ्यात ते दोन महिन्यांत सुकतं, तेव्हा व्हॉल्व्ह काढून पातळी बघत जा.

प्रश्न: रक्तदाबाची गोळी चालू आहे. शर्यतीत अडचण येईल?
– वाचक, सात रस्ता

उत्तर: पट्टीवरचे घटक वाचा. हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर ते लघवी वाढवणारं औषध आहे आणि शर्यतीत, शर्यतीबाहेर, दोन्हीकडे बंदी आहे. बऱ्याच जोडगोळ्यांत ते असतं. गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना शर्यतीचं सांगा. अॅम्लोडिपिनसारखे बंदी नसलेले पर्याय आहेत, नाहीतर उपचारासाठीची सवलत आधी मागावी लागते. दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलवर १ जानेवारी २०२४पासून शर्यतीदरम्यान सगळ्याच खेळांत बंदी आहे आणि पॅरासिटामॉलच्या जोडीने ते सहज दिलं जातं. निवृत्तीच्या वेळी तुमचं नाव चाचणीच्या नोंदणीकृत यादीत असेल, तर परतण्याआधी सहा महिन्यांची लेखी सूचनाही लागते.

प्रश्न: एप्रिल-मेमध्ये लांब सराव करताना तिसऱ्या तासाला पाय गळतात. काय प्यावं, काय खावं?
– वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर: निघण्याआधी आणि आल्यावर घाम पुसून वजन करा. जेवढे किलो घटलं, साधारण तेवढे लिटर पाणी कमी पडलं. वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त घट नको. आणि वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं, तेही धोक्याचं. लिटरमागे पाव चमचा मीठ आणि चार-पाच चमचे साखर, हे घरचं पेय चांगलं चालतं. उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस रोज तासभर लागतो, तेवढे दिवस वेग सोडून द्या.

पाय गळतात ते मात्र बहुधा पाण्यामुळे नाही, कमी खाण्यामुळे. पूर्वी तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं पुरेशी मानत, आता मोठ्या शर्यतींत ९० ते १२० घेतात. एकदम तेवढं घेतलं तर पोट बिघडतं. ४०पासून सुरू करा, दर आठवड्याला १० वाढवा. मध्यम केळं साधारण २५ ग्रॅम. निघण्याआधी शेंगदाणा चटणी आणि कडक भाकरी नको, तेल आणि कोंडा पोटात तासन्‌तास बसतात. ती परतल्यावर, पोटभर.

प्रश्न: घोळक्यात चाकामागे राहण्याची सवय गेली आहे, भीती वाटते.
– वाचक, अशोक चौक

उत्तर: पुढच्याच्या चाकाकडे बघू नका, खांद्यावरून पुढे बघा. सुरुवातीला मीटरभर अंतर, मग हळूहळू अर्धा मीटर. आपलं पुढचं चाक कुणाच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही आणू नका. तो किंचित सरकला की पडता तुम्हीच. हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे वारा चुकवत जायचा मोहही टाळा. सुटलेला एक ऊस चाकाखाली आला की संपलं. चार भरवशाचे सोबती घेऊन रविवारी पहाटे, गर्दी होण्याआधी, आळीपाळीने पुढे येत दोन-दोन मिनिटं ओढा.