प्रवाळबेटावरच्या फील्ड स्टेशनला तीन आठवडे जाण्यात अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे: सागरी जीवशास्त्र शिकायचं तर उष्णकटिबंधातल्या बेटावरच्या संशोधन केंद्रात तीन आठवड्यांचा कोर्स करावा, की पुस्तकं, व्हिडिओ आणि नेटवर मोफत मिळणारा डेटा एवढ्यावर भागेल? जमत असेल तर जा. असे कोर्स मी विद्यार्थी म्हणून केले आणि पुढे शिकवलेही, त्यामुळे हे अगदी मनापासून सांगते.

जिवंत प्रवाळ डोळ्यांनी बघायला मिळतं, ते तर आहेच. पण तिथे जायचं ते मोजायला शिकण्यासाठी. उथळ पाण्यात प्रवाळावर वीस मीटरची टेप अंथरतात. दर अर्ध्या मीटरला टेपच्या बरोबर खाली काय आहे ते प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहायचं. एका टेपच्या चाळीस नोंदी. ऐकायला सोपं आहे, पण लाट तुम्हाला मागे-पुढे ढकलत असते, टेप डुलत असते, आणि नेमक्या त्या खुणेखाली मेलेल्या प्रवाळावर बारीक शैवालाचा थर असतो. तुम्ही लिहिता ‘मृत प्रवाळ’, जोडीदार लिहितो ‘शैवाल’. दोघांनीही दिसलं तेच लिहिलेलं असतं, तरी संध्याकाळी आकडे जुळत नाहीत. मग जेवणं झाल्यावर त्यावर वाद होतो, शैवालाचा थर किती जाड असला की काय म्हणायचं याचा नियम ठरतो आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांची पाटी न बघता तीच टेप पुन्हा मोजायची. आकडे जवळ येईपर्यंत हेच. कितीजणांना हे कंटाळवाणं वाटतं, पण माझ्या मते अख्ख्या कोर्सचा सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि शिकवताना मी इथे कुणाला घाई करू देत नाही.

याचं महत्त्व जमैकाच्या उदाहरणावरून कळेल. तिथे डिस्कव्हरी बे इथं सागरी प्रयोगशाळा आहे आणि त्या किनाऱ्यावर 1970च्या दशकापासून प्रवाळाची नियमित मोजणी होत होती. सागरी जीवशास्त्रज्ञ टेरी ह्यूज यांनी 1994 साली मांडलेल्या आकड्यांनुसार 1977 ते 1993 या काळात जिवंत प्रवाळाचं प्रमाण सरासरी 52 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आलं आणि मोठ्या शैवालाचं 4 वरून 92 टक्क्यांवर गेलं. शैवाल खाणारे मासे बेसुमार मासेमारीने आधीच संपत आले होते. 1980 साली ॲलन चक्रीवादळाने प्रवाळाची मोडतोड केली. तरी लांब काट्यांचे काळे सागरी अर्चिन (समुद्रतळावर राहणारे गोल, काटेरी प्राणी) शैवाल कुरतडत होते, म्हणून प्रवाळ तग धरून होतं. 1983-84च्या साथीत कॅरिबियनभर ते अर्चिनही जवळजवळ सगळे मेले आणि शैवालाला मोकळं रान मिळालं. 1977ची मोजणी कुणी केलीच नसती, तर नंतर आलेल्या माणसाला सगळीकडे शैवाल बघून हे इथलं नेहमीचंच दृश्य वाटलं असतं. त्या पाटीवरच्या पेन्सिलीच्या खुणांची किंमत एवढी आहे.

बेटावर राहायचा दुसरा फायदा म्हणजे वेळापत्रक तुमच्या हातात नसतं, ते भरती-ओहोटी ठरवते. ओहोटीला प्रवाळाच्या सपाट पठारावर पाणी कोंडून राहतं. तिथे चोवीस तास पाळ्या लावून दर तासाला ऑक्सिजन, पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप; आम्लता वाढली की हा आकडा उतरतो) आणि तापमान मोजायचा प्रयोग बऱ्याच ठिकाणी करून घेतात. दिवसा प्रकाशसंश्लेषण जोरात चालतं, ऑक्सिजन आणि पीएच दोन्ही चढतात. रात्री श्वसन चालू राहतं, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि दोन्ही उतरतात. खुल्या समुद्राच्या पीएचमध्ये शतकभरात जेवढी घट अपेक्षित आहे, त्याहून मोठा चढउतार अशा पठारावर एका दिवसात होऊ शकतो. पहाटे तीनला विजेरीच्या उजेडात तो आकडा स्वतः वाचला, की ‘समुद्राचं आम्लीकरण’ (हवेतला जास्तीचा कार्बन डायऑक्साइड विरघळून समुद्राचा पीएच उतरणं) या विषयावरचा प्रत्येक आलेख तुम्ही वेगळ्या नजरेने वाचता. कुठल्या जागेचं पाणी, किती वाजता घेतलं, हे आधी विचारता.

रात्रींचं महत्त्व आणखी एका गोष्टीसाठी. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळरांगेवर, तिथल्या वसंत ऋतूच्या शेवटी, पौर्णिमेनंतरच्या काही ठरावीक रात्रींत, अनेक जातींचं प्रवाळ एकाच वेळी अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतं. गुलाबी मण्यांसारखे पुंजके हळूहळू वर तरंगत जातात. ही सामूहिक घटना शास्त्राला कळली ती 1980च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि ती शोधणाऱ्या गटात पीएचडी करणारे विद्यार्थी होते. तोवर बहुतेक प्रवाळ आपली पिल्लं पोटातच वाढवतं असा समज होता. योग्य रात्री योग्य ठिकाणी कुणी पाण्यात उतरलेलंच नव्हतं!

तीन आठवड्यांत काय होत नाही, तेही सांगते. शोधनिबंध होईल एवढा डेटा बहुधा मिळत नाही. जाती ओळखणं जेमतेम सुरू होतं. संख्याशास्त्र घरूनच शिकून जा, ते बेटावर शिकायला वेळ नसतो. नमुने गोळा करायला परवानगी लागते, त्यामुळे ‘तिथे जाऊन प्रवाळाचे तुकडे आणू’ अशा बेतावर प्रकल्प आखू नका. पोहता यायलाच हवं आणि स्नॉर्कलची (तोंड पाण्यात ठेवून श्वास घ्यायच्या नळीची) सवय असली तर उत्तम. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून खोल बुडी मारणं, मात्र बहुतेक प्राथमिक कोर्सना लागत नाही, कारण शिकण्यासारखं पुष्कळ काही कमरेएवढ्या पाण्यातच असतं.

स्टेशन निवडताना खोल्यांचे आणि निळ्या पाण्याचे फोटो बघू नका. तिथे किती वर्षांच्या नोंदी आहेत आणि त्या विद्यार्थ्यांना वापरायला मिळतात का, हे पत्र लिहून विचारा. ऑस्ट्रेलियातलं लिझार्ड आयलंड, बेलीझमधलं कॅरी बो के अशा केंद्रांवर 1970च्या दशकापासून काम चालू आहे. उत्तर ‘हो’ आलं, तर निघण्याआधीच त्या नोंदींतली एक जागा निवडा आणि एकच छोटा प्रश्न ठरवा. उदाहरणार्थ, त्या जागी फांद्यांचं प्रवाळ जास्त आहे की गोलसर दगडासारखं, आणि पूर्वीच्या मोजणीत काय होतं? तीन आठवड्यांत नीट उत्तर मिळेल असा हा प्रश्न आहे, आणि तुमची मोजणी पुढच्या तुकडीलाही वापरता येईल.