जुन्या महिंद्रा जीपला हाताने फिरवायचे लॉकिंग हब बसवावेत का? बसवले तर वापरायचे कसे?

जरूर बसवा. लॉकिंग हब म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यभागी बसणारा, डायल फिरवून चाक शाफ्टला जोडणारा किंवा सोडवणारा भाग. पण मायलेज वाढेल या आशेने बसवणार असाल तर पैसे राखून ठेवा, तो फरक खिशाला जाणवत नाही. मी माझ्या एमएम ५४० ला हब लावले ते पुढची झीज आणि थरथर कमी व्हावी म्हणून. साधा फ्लँज (चाक शाफ्टला कायमचं जोडणारी चकती) असला की गाडी टू-व्हीलवर (जोर फक्त मागच्या चाकांना) असतानाही पुढची चाकं दोन्ही शाफ्ट, त्यांच्यामधली गियरपेटी म्हणजे डिफरन्शियल आणि तिला इंजिनाकडून जोर आणणारा पुढचा प्रोपेलर शाफ्ट उगाच फिरवत राहतात. हब 'फ्री' केला की चाक तेवढं फिरतं, बाकी सगळं जागच्या जागी. महायुद्धानंतर लष्कराच्या जीप अमेरिकेत रोजच्या रस्त्यावर आल्या तेव्हा हीच अडचण होती. वॉर्न कंपनी १९४८ साली उभी राहिली ती त्यांच्यासाठी हब बनवूनच.

घेण्याआधी शाफ्टच्या टोकावरच्या खाचा मोजा. जुन्या विलिसच्या (महिंद्रा जीपचा मूळ अमेरिकन नमुना) शाफ्टला १० असतात, पुढे हा आकडा बदलत गेला. 'सगळ्या जीपला बसतो' असं दुकानदार म्हणाला तरी मोजा.

बसवणं अवघड नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड लावा. टोपण, मग सर्कलिप म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी (जुन्या गाडीत नट), मग फ्लँजचे बोल्ट. फ्लँज निघाला की आत बेअरिंगचे दोन नट आणि त्यांच्यामधला लॉक वॉशर दिसेल. इथे घाई नको. बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरा. आतला नट चाक फिरवत फिरवत आवळा, चाक जड झालं की साधारण एक षष्ठांश फेरा सैल सोडा, आणि वॉशरचा कान नटावर नीट वाकवा. हे सैल राहिलं तर नवा हबही डुगडुगत खराब होतो. हबच्या आत मात्र ग्रीसचा पातळ हात पुरे. ठासून भरलंत तर आतली रिंग सरकत नाही आणि ऐन चिखलात हब लागत नाही.

चाक उचललेलं असतानाच तपासा: फ्रीमध्ये चाक फिरवलं तर शाफ्ट हलता कामा नये, लॉकमध्ये सोबत फिरला पाहिजे.

वापरताना एक गोष्ट पक्की धरा, चिखलात रुतल्यावर हब लावायला उतरायचं नाही. पावसाळ्यात कच्च्या वाटेला जायचं असेल तर घरून निघतानाच दोन्ही बाजू लॉक करा. हब लॉक आणि फोर-व्हीलचा दांडा (गियरशेजारचा लिव्हर) टू-व्हीलवर, अशी गाडी डांबरावर खुशाल चालते. वाट बिघडली की फक्त दांडा ओढायचा. एकच बाजू लॉक केली तर पुढून ओढ मिळत नाही. हब फ्री ठेवून लो गियरमध्ये (चढ-चिखलासाठीचा हळू पण जोरदार गियर) जोर लावू नका, सगळा ताण मागच्या शाफ्टवर येतो आणि तो तुटू शकतो. सोडताना आधी दांडा टू-व्हीलवर, गाडी सरळ थोडी मागे, मगच डायल. डायल हातानेच फिरवा. अडला तर गाडी थोडी हलवा, पक्कड लावू नका.

उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा हब लॉक करून थोडं अंतर चालवा, म्हणजे पुढच्या आसात तेल फिरतं. आणि हबपर्यंत पाण्यातून गाडी काढलीत तर घरी आल्यावर एक टोपण उघडून बघा. ग्रीस दुधासारखं पांढरं दिसलं तर पाणी शिरलंय. दोन्ही बाजू पुसून काढा आणि ओ-रिंग (पाणी अडवणारं रबरी कडं) बदला.