यादीत नाव आलंय, आता कठड्याचं काय करू?

प्रश्न : गिरगावात आमचं दुमजली घर आहे, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. महापालिकेच्या हेरिटेज यादीत ते ग्रेड थ्रीमध्ये आहे, हे परवाच कळलं. धाकटे दीर म्हणतात, आता खिळासुद्धा ठोकता येणार नाही, घर सरकारजमा झालंच समजा. इकडे गॅलरीचा लाकडी कठडा वाळवीने खाल्लाय आणि खिडक्यांना अ‍ॅल्युमिनियमचं स्लायडिंग बसवायचं आहे. काय करावं?

उत्तर : भावजींना सांगा, खिळा खुशाल ठोका. घर तुमचंच आहे आणि तुमचंच राहणार. डागडुजीचा खर्चही तुमचाच, ही त्यातली कमी आनंदाची बाजू.

त्यांचा घोटाळा कुठे झालाय ते कळतं. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेल्या वास्तूभोवती 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीशिवाय काही नाही, हा नियम त्यांच्या कानावर आला असणार. तुमचं घर त्या यादीत नाही. मुंबईची यादी 1995 सालची, राज्याच्या 1966च्या नगररचना कायद्याखाली आलेल्या नियमावलीतली. आता 2034पर्यंतच्या विकास आराखड्यासाठीच्या नियमावलीत 52 क्रमांकाचा नियम त्यासाठी आहे.

त्यात प्रतवारी असते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा राजाबाई टॉवर ग्रेड वन. तिथे जतनापलीकडे हात लावायचा नाही. टू-ए, टू-बी मधले. तुमची ग्रेड थ्री म्हणजे घर एकटं मोठं नव्हे, पण त्याच्यामुळे रस्त्याला चेहरा आहे. खोताच्या वाडीत एकदा उभ्या राहून बघा. एकेक घर सुटं काढलं तर साधंच, पण लाकडी जिना, गॅलरी, पुढची पडवी अशी ओळीने लागली की वाडी होते. अशा आख्ख्या वस्तीचाही यादीत समावेश करता येतो.

नाव कोण घालतं? प्रस्ताव पालिका आयुक्तांकडून किंवा हेरिटेज समितीकडून येतो, लोकांच्या हरकती-सूचना मागवतात, शेवटचा शब्द राज्य सरकारचा. 2012मध्ये शिवाजी पार्कचा परिसर प्रस्तावित यादीत आला तेव्हा रहिवाशांनी पुनर्विकास अडेल म्हणून केवढा गदारोळ केला होता! शिवाजी पार्कातली माणसं गप्प बसतील, असं कुणाला का वाटलं होतं कोण जाणे. सांगायचा मुद्दा, यादी दगडावरची रेघ नाही. नावं वाढतात, गळतात, ग्रेडही बदलते. मात्र दर वेळी हरकती ऐकूनच. आणि परवानगी नाकारल्यामुळे तुमचा एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधता येतं तो हक्क, वापरता आला नाही, तर त्या बदल्यात टीडीआर, म्हणजे तोच हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची मुभा, मिळण्याची तरतूदही आहे.

आता कठडा. मूळ नियमात दुरुस्ती, गिलावा, खास वैशिष्ट्यांची बदलाबदल, इतकंच काय रंगकामाचाही उल्लेख आहे. म्हणून सुताराला बोलावण्याआधी पालिकेच्या हेरिटेज विभागात अर्ज करा. पण सगळा कठडा काढायचा घाट घालू नका. वाळवी बहुधा खालच्या पट्टीत असते, जिथे पावसाचं पाणी साचतं. तेवढा भाग कापून जुना सागाचा तुकडा सांधला की वरच्या खरादी दांड्या तशाच राहतात.

स्लायडिंगबद्दल मी स्पष्टच बोलते : नको. जुनी खिडकी दोन्ही पल्ले उघडले की पूर्ण मोकळी होते, स्लायडिंग कायम अर्धी बंद. एप्रिलमध्ये गिरगावात तो फरक तुम्हालाच कळेल. माझ्या माहेरी अशीच हौस झाली होती. चुन्याच्या भिंतीवर वडिलांनी सिमेंटचा गिलावा चढवला, ओल आतच कोंडली आणि दुसऱ्या पावसाळ्यात परातीएवढे पोपडे खाली आले. सिमेंट त्यांनी गावातलं सगळ्यात महागडं आणलं होतं, हे आई अजून सांगते.

अर्जाबरोबर फोटो लागतील. समोरच्या घराच्या गॅलरीतून गॅलरीचा पूर्ण फोटो घ्या, मग खालच्या पट्टीचा जवळून. शिडी धरायला भावजींना बोलवा.