खानापूरहून बंदरावर जाताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचले. समुद्र केवळ गोव्याच्या सहलीत पाहिलेल्या खानापूरच्या मुलीने मत्स्यव्यवस्थापन आणि सागरी संवर्धनाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का, असे तू विचारतेस. जरूर घ्यावेस, मात्र डॉल्फिन आणि कासवांच्या ओढीने जाणार असशील, तर या विषयातला बहुतेक वेळ मासे मोजण्यात आणि मच्छीमारांचे ऐकण्यात जातो, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रवेशाचे थोडक्यात लिहितो. तुझी पदवी प्राणिशास्त्राची असल्याने, बी.एफ.एस्सी. (मत्स्यविज्ञानाची पदवी) मागणाऱ्या एम.एफ.एस्सी.ची (त्याच विषयातल्या पदव्युत्तर पदवीची) वाट तुला अवघड आहे. वर्सोव्याच्या किंवा मंगळूरच्या नावाजलेल्या संस्थांसाठी हळहळत बसू नकोस. कारवारला कोडीबागेत कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग आहे. काळी नदीचे मुख आणि बैतखोलचे बंदर दोन्ही तिथून जवळ आहेत, आणि माझ्या मते इमारतीपेक्षा हेच मोलाचे आहे.

संख्याशास्त्राचा कंटाळा मात्र करू नकोस. उष्ण कटिबंधातल्या माशांच्या कानातल्या खड्यांवर वय सांगणारी वर्षांची वलये थंड समुद्रातल्या माशांइतकी स्पष्ट उमटत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे साठ्याचे (समुद्रातल्या एका जातीच्या सगळ्या माशांचे) वय आणि वाढ बरेचदा महिनोन्‌महिने मोजलेल्या माशांच्या लांबीवरून ठरवावी लागते. विद्यार्थिदशेत मी बंदरावर बांगडे मोजत असे, ते लिलावाला लावलेल्या टोपल्यांतून उचलून. दोन महिन्यांनी एका खलाशाने हटकले, ‘‘मास्तर, बारकी मासळी कुटीत गेली, ती कोण मोजणार?’’ कुटी म्हणजे फिशमीलच्या, माशांच्या भुकटीच्या, कारखान्याकडे निघालेली बारकी मासळी; तो ढीग रोज माझ्या पाठीमागेच भरला जात होता. माझ्या वहीत सगळे बांगडे मोठे आणि साठा एकदम धडधाकट! ती वही बाद करावी लागली. केरळने तारलीला १० आणि बांगड्याला १४ सेंटिमीटर अशी किमान लांबी ठरवली आहे. असा नियम पाळला जातो की नाही, हे कुटीचा ढीग उपसल्यावाचून कळत नाही.

तुझ्याजवळ एक भांडवल आहे, ज्याची तुला बहुधा जाणीव नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचे नियमन ज्या त्या राज्याकडे असते, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राकडे. कर्नाटकातल्या मलपीहून राज्याची हद्द ओलांडून येणाऱ्या वेगवान ट्रॉलरविषयी मालवणचे मच्छीमार किती पोटतिडकीने बोलतात, ते तू बातम्यांत वाचले असशील. त्या ट्रॉलरवरचा तांडेल, म्हणजे नाव हाकणारा म्होरक्या, मात्र आपली बाजू कानडीत किंवा तुळूत मांडतो, आणि ती मालवणात कोणी ऐकलेली नसते. घरात मराठी, कचेरीत कानडी आणि गोव्याच्या पाहुण्यांमुळे कोकणी, असे आपले बेळगावकडच्या सीमाभागातले जगणे. ज्या भाषांवरून आपल्याकडे फलकांची भांडणे होतात, त्याच तुला दोन्ही बंदरांवर बसायला जागा मिळवून देतील.

प्रबंधासाठी विषय शोधशील तेव्हा घराकडेही पाहा. आपल्याच तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात उगवणारी म्हादई पणजीला मांडवी होऊन समुद्राला मिळते. आपल्याकडे म्हादई म्हटले की पाणीवाटपापलीकडे कोणी बोलत नाही. पण नदीचे गोडे पाणी ओसरले की खारेपण खाडीत किती आत सरकते, आणि तिथे वाढणाऱ्या कोळंबीच्या पिल्लांचे व तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) काय होते, हा प्रश्न तुझ्यासारखीने हाती घेण्याजोगा आहे. मार्गदर्शक तयार होतील का, हे मात्र आधी विचार. वादाच्या पाण्यात उतरायला सगळेच राजी नसतात.

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा बंदरावर जाऊन उपयोग नाही. बंदी उठल्यावर, अर्ज भरण्याआधी, आठवडाभर बैतखोलला पहाटे जाऊन बस. शाई ओलाव्याने फुटते, म्हणून पेन्सिल ने. बांगड्याची शेपटी दुभंगलेली असते. तेव्हा लांबी तिच्या टोकापर्यंत मोजलीस की मधल्या खाचेपर्यंत, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेव.

तुझा,
एक जुना मासे मोजणारा