लॅपटॉपवर दिसतं, दुकानात दिसत नाही

प्रश्न : एका फर्निचर दुकानदाराला वर्डप्रेसवर वेबसाइट करून दिली. ठरले ६०,००० रुपये, २५,००० आगाऊ मिळाले. लेखी करार नाही, सगळं व्हॉट्सॲपवर. साइट होस्टिंगवर चढवल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला, ‘पहिल्या पानावरचे फिरते फोटो दिसत नाहीत.’ माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित दिसतात. तसा स्क्रीनशॉटही पाठवला. साइटवरच्या चौकशीच्या फॉर्ममधून त्यांना रोज गिऱ्हाइकंही येतात. आता महिना झाला, ‘काम झालंच नाही’ म्हणत बाकीचे ३५,००० ते देत नाहीत. ॲडमिनचा पासवर्ड माझ्याकडे आहे. साइट बंद करू का?

उत्तर : नाही. पासवर्डला हात लावू नका. साइट, होस्टिंग आणि डोमेन त्यांच्या नावावर. पैसे थकले म्हणून ती बंद पाडलीत, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली तक्रार तुमच्यावर होऊ शकते; कलम ६६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ३५,००० मागायला गेलेला माणूस आरोपी होऊन बसतो, हे मी अशिलांच्या बाबतीत पाहिलंय.

आता तुमच्या स्क्रीनशॉटकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. त्यात फोटोचा पत्ता ‘लोकलहोस्ट’ने सुरू होतो. म्हणजे फिरते फोटो दाखवणारं स्लायडर प्लगिन फोटो शोधतंय ते तुमच्याच लॅपटॉपमधल्या झॅम्पमध्ये (साइट लॅपटॉपवरच चालवून पाहायचं सॉफ्टवेअर). तुमच्याकडे झॅम्प चालू असतं म्हणून तुम्हाला दिसतात. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर ते नाहीच, म्हणून तिथे रिकामी चौकट. खात्री करायची तर झॅम्पमधला अपाची हा सर्व्हर बंद करा आणि मोबाइल डेटावर साइट उघडा. फोटो गायब झाले, तर दुकानदार खरं बोलतोय आणि चूक तुमची.

डेटाबेसमधला जुना पत्ता साध्या ‘फाइंड-रिप्लेस’ने बदलू नका. प्लगिनच्या सेटिंगमध्ये मजकुराबरोबर त्याची अक्षरसंख्याही नोंदलेली असते. पत्ता लांब-आखूड झाला की हिशेब चुकतो आणि सेटिंगच उडतात. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनातलं सर्च-रिप्लेस हा हिशेब सांभाळतं. आधी बॅकअप घ्या. (हे मला आमच्या ज्युनिअरने शिकवलं, ऑफिसच्या साइटवर हाच गोंधळ झाला होता.)

दुरुस्ती का आधी, हे कायद्यातच आहे. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) काम घेण्यापूर्वीची असेल, तर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा तुमच्या बाजूने आहे. मुदतीबद्दल काही ठरलेलं नसेल, तर काम स्वीकारल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. पण काम हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली असेल, तर ती दूर झाली तो दिवस स्वीकाराचा धरतात. त्यांचा तिसऱ्या दिवशीचा मेसेज माझ्या मते लेखी हरकतच आहे. म्हणजे तुमचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही. ‘माझ्याकडे दिसतं’ म्हणत तुम्ही महिनाभर स्वतःचंच व्याज बुडवलंत.

फोटो दिसायला लागले की त्याच दिवशी दुसऱ्याच्या फोनवरून साइटचं रेकॉर्डिंग करा, पत्त्याची पट्टी आणि तारीख दिसेल असं. ते मेसेजबरोबर पाठवा : ‘हरकत दूर केली आहे, तपासून घ्या. बाकी ३५,००० पंधरा दिवसांत द्यावेत.’ भाषा सौम्य ठेवा. हा मेसेज पुढे कुणीतरी सुनावणीत वाचणार आहे.

तरी पैसे आले नाहीत, तर सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करता येतो. नोंदणी नसेल, तर वकिलाची नोटीस आणि मग दिवाणी दावा. काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. लेखी करार नाही म्हणून घाबरू नका, तोंडी आणि व्हॉट्सॲपवरचा करारही करारच. ‘काम झालंच नाही’ हेही टिकणार नाही, कारण तुम्हीच लिहिलंय की साइटवरच्या चौकशीच्या फॉर्ममधून त्यांना रोज गिऱ्हाइकं येतात. फार तर दुरुस्ती दुसऱ्याकडून करून घेतल्याचा खर्च ते वजा मागतील.

चॅट डिलीट करू नका, फोनही बदलू नका. चॅट पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यावं लागेल, तेव्हा मूळ फोन हाताशी हवा.